न धुतलेला कपडा

हजरतांनी आपाचा कुर्ता दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "घामाला कबरीच्या मातीचा वास आहे."

अम्मीने ओढणी तोंडाशी नेली. शेजारी बसलेल्या तिच्या मुलाला मात्र हसूच आलं, आणि ते घशात अडकून त्याला ठसका लागला. कारण त्या कुर्त्यात घाम नव्हताच. सकाळी त्यानेच तो स्वतःच्या हातांनी धुतला होता. थंड पाण्यात, साबण लावून, गळ्याची पट्टी बोटांनी चोळून; मग वाफेवर वाळवून, इस्त्री फिरवून त्याची घडी घातली होती. हजरत आता जे काही हुंगत होते तो लाँड्रीतला साबण होता. त्यात कबर कुठून आली? आधी त्याला वाटलं, पिशवीच बदलली असेल. पण कुर्ता आपाचाच, त्याच्या मोठ्या बहिणीचाच होता, बाहीजवळची तिने स्वतः घातलेली वाकडी टीप त्याला दिसत होती. मग त्याने समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा चांगला होता, शांत होता, दाढी विंचरलेली होती, आणि खोटं बोलताना माणसाच्या चेहऱ्यावर जे काही दिसायला हवं ते त्यावर कुठेच नव्हतं. त्याचं हसू गेलं.

लाँड्रीत त्याला डागवाला म्हणत. धुणारे वेगळे, इस्त्रीचे वेगळे, हा फक्त डाग काढायचा. शाई, गंज, तेल, रक्त, प्रत्येकाची खोड निराळी. रक्ताला गरम पाणी लावलं की संपलं, ते कापडात घरच करतं. त्याला थंडच पाणी लागतं आणि दम धरावा लागतो. अम्मीने बजावून सांगितलं होतं, की कपडा अंगातला हवा, न धुतलेला हवा, हजरतांना त्यातूनच आजार कळतो. पिशवी घेऊन तो कामावर आला, आणि टेबलावर ती उघडली मात्र, त्याला गळ्यापाशी वाळलेली लाळ दिसली, आणि तिच्या कडेला, आकडीत दाताखाली जीभ आली होती त्या रक्ताचा फिका डाग. परक्या माणसाच्या हातात बहिणीचा असा कपडा द्यायचा? हात नळाकडे गेले. हात पुढे आणि डोकं मागे, हा त्याचा जन्माचा दोष. कुर्ता पाण्यात बुडाल्यावर त्याला 'न धुतलेला' हा शब्द आठवला, पण तोवर बैल गेला होता आणि झोपा करण्यात अर्थ नव्हता. खरं तर त्याला वाईटही वाटलं नाही. लहानपणी तो अंथरूण ओलं करायचा, चांगला शाळेत जाण्याएवढा होईपर्यंत. आपा त्याच्या आधी उठायची, त्याच्या अंगाखालून चादर ओढून घ्यायची आणि अब्बा उठायच्या आत धुऊन दोरीवर टाकून मोकळी व्हायची. कुणी विचारलं तर म्हणायची, माझ्या हातून पाणी सांडलं. "भोपळ्या," ती कानात कुजबुजायची, "वर एवढं मोठं डोकं, आणि खाली गळका." एवढंच. चिडवायची ती एकटीच, दुसऱ्या कुणाला तिने कधी कळू दिलं नाही. मग आपाचा डाग त्याने जगाला दाखवायचा?

आपा भूगोल शिकवायची. पुस्तकात न बघता फळ्यावर नकाशा काढायची, एका दमात, खडू न उचलता. असाच अर्धा नकाशा काढून झाला असताना ती पोरांच्या समोर खाली कोसळली आणि तिला आकडी आली. शाळेने विश्रांती घ्या म्हटलं. ती विश्रांती अजून संपलेली नव्हती. डॉक्टरच्या गोळ्यांनी आकड्या कमी झाल्या, पण गोळ्यांनी तिची जीभ जड झाली, हिरड्या सुजल्या, आणि नदी काढता काढता तिचं नाव आठवेनासं झालं. डॉक्टर चांगला होता, पण 'आटोक्यात राहील' याच्या पुढे कधी सरकला नाही. हजरतांनी आपाला न पाहताच पहिल्या वाक्यात सांगितलं, की पोरगी बरी होईल. आंधळा मागतो एक डोळा, आणि इथे तर दोन्ही द्यायला माणूस गादीवर बसलेला.

ती खोली एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. बाहेर बाकं, बाकांवर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली माणसं, आणि त्यांच्यात बसून सगळ्यांशी मायेने बोलणारी एक बाई, जी पाणी विचारायची, घरचं विचारायची, आणि मधूनच आत जाऊन यायची. अम्मीने तिला शाळा, फळा, आकडी, सगळं पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं. आत गेल्यावर हजरत म्हणाले, "मुलगी पोरांना शिकवायची, नाही का?" तेव्हा अम्मीचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी आजारी माणसाच्या आईचं नाव विचारलं. अम्मीने स्वतःचं नाव सांगितलं. ते नाव त्याने कितीतरी वर्षांनी ऐकलं, आणि का कोण जाणे, एखाद्याने तिची ओढणी ओढावी तसं त्याला वाटलं. अब्बा असते तर तिथूनच उठले असते. अब्बाही पाण्यावर कुराणातल्या आयती पढायचे. गल्लीत कुणाचं मूल दचकलं, कुणाला ताप भरला की लोक पेला घेऊन यायचे, आणि अब्बा दारातच उभे राहून पढायचे, खणखणीत, रस्त्यावरच्या माणसाला शब्द न शब्द कळेल असं. आपाने एकदा विचारलं होतं, एवढ्या मोठ्याने का? तर म्हणाले, अल्लाहचं कलाम आहे, चोरीचा माल नाही. जो ओठांतल्या ओठांत पुटपुटतो त्याचं पाणी पिऊ नये. आईचं नाव विचारणाऱ्याच्या दारात थांबू नये, असंही म्हणायचे. कयामतला माणसाला बापाच्या नावाने हाक मारतील, याला आईचं नाव कशाला हवं? आणि पेला परत देताना ठरलेलं वाक्य, की शिफा, म्हणजे गुण, देणारा वर बसलाय, मी नुसता पेला धरणारा, आता डॉक्टरकडे जा. हे सगळं त्याला त्या खोलीत लख्ख आठवलं. हजरत पुटपुटत होते. ओठ हलत होते, मधेच ओळखीचा एखादा शब्द वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. मग डोळे उघडून त्यांनी सांगितलं, की गोळ्या बंद. गोळ्यांनी तिच्या अंगातला जिन्न झोपतो, जात नाही. त्याला जागा ठेवायचा आणि उपाशी मारायचा. खोलीत अंधार. आणि अंगाला पाणी लावायचं नाही. अंघोळ नाही, नमाजआधी हातपाय धुण्याची वजू नाही. मग नमाज? अम्मीने घाबरत विचारलं. हजरत हसले, बरी झाल्यावर सगळी भरून काढेल म्हणाले.

ज्या इलाजाने माणूस पाण्यापासून आणि नमाजपासून तुटतो तो इलाज कुणाचा असेल, हे कळायला धर्म शिकलेला आलिम असावं लागत नाही. त्याला कळलं होतं. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, अम्मी त्याच्या दंडाला धरून चालत असताना, ते त्याच्या तोंडात अगदी दातांपर्यंत आलं होतं. अम्मी, मी कुर्ता धुतला होता. एवढं एकच वाक्य. पण अम्मी बोलत होती. किती दिवसांनी अशी बोलत होती! शाळा परत घेईल का तिला, का दुसरी बघावी लागेल. नवे दोन कुर्ते शिवावे लागतील. आणि बघ, तू पहिल्यापासून तोंड वाकडं केलंस, पण पिशवी तूच आणलीस, तुझ्याही पदरात पुण्य पडेल. त्याने ठरवलं, घरी गेल्यावर सांगू. घरी आपा दारातच उभी होती आणि तिने त्याच्याकडे नाही, अम्मीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे पाहिलं त्याने ती हसली. मग त्याने ठरवलं, उद्या सांगू.

उद्या काही लवकर उगवला नाही. शिवाय पंचाईत अशी झाली की आपा खरंच सुधारली. गोळ्यांची झापड उतरली, जीभ हलकी झाली. अंधाऱ्या खोलीतून तिचा आवाज यायचा, नद्यांची नावं घेणारा, एका दमात, उगमापासून समुद्रापर्यंत. अम्मी दाराबाहेर बसून ऐकायची, जसं काही कुणी कुराणाची तिलावतच करतंय. तो कामावरून आला की दाराच्या फटीतून अंगाचा कोंदट वास यायचा, न धुतलेल्या केसांचा, शिळ्या अंथरुणाचा, आणि त्याचे हात शिवशिवायचे. लाँड्रीत तो लोकांचे डाग काढायचा आणि मनातल्या मनात हिशेब लढवायचा. बोललो तर तिचा आनंद जाणार, न बोललो तर ती जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कधी वाटायचं, कोण जाणे, असेलही त्या माणसाकडे काही. नाक चुकलं असेल, इलाज बरोबर असेल. हा विचार त्याला सगळ्यात जास्त घाबरवायचा, कारण तो विचार बाहेरून आलेला नव्हता. एकदा दाराशी बसून त्याने हळूच विचारलं, नमाजची आठवण नाही येत? आतून आपा म्हणाली की येते, पण पाण्याची जास्त येते.

आकडी आली ती भर दुपारी, आणि एक संपायच्या आत दुसरी आली. अम्मीचा निरोप आला तसा तो अंगावरच्या ओल्या एप्रनसकट धावत आला. आपा जमिनीवर होती, ओठ निळे, बांगडी फुटून मनगटात रुतलेली. त्याने तिला कुशीवर वळवलं. ती शांत झाल्यावर, श्वास परत आल्यावर, त्याने अम्मीला तिथेच, तिच्या डोक्याशी बसून सांगितलं. कुर्ता धुतलेला होता. त्यात घाम नव्हता. तो माणूस साबण हुंगून कबर सांगत होता. गोळ्या दे तिला, आत्ताच्या आत्ता दे. त्याला वाटलं, आता अम्मी ओरडेल, रडेल, हजरतांना शिव्या घालेल.

अम्मीने आपाच्या ओठांवरचा फेस ओढणीने टिपला.

"तू धुतलास?" ती म्हणाली. "म्हणून गुण आला नाही."

तो समजावत राहिला. अगं, वासच नव्हता तर त्याला आला कसा? अम्मीने ऐकून घेतलं आणि ओढणी डोक्यावर घेऊन ती हजरतांकडे गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा शांत झाला होता. हजरत रागावले नव्हते. धुतलेल्या कपड्यात माणूस उरत नाही, म्हणून मला कबर दिसली, असं ते म्हणाले. आणि पोराला बोलू नका, त्याचे हात त्याचे नाहीत, तो जिन्नच त्याच्याकडून करवून घेतो. आता बोला! पुरावा म्हणून त्याने जी गोष्ट पुढे केली तीच हजरतांनी उचलून त्याच्या गळ्यात बांधली. त्या दिवसापासून अम्मीने त्याच्या हातचं पाणी आपाला देणं बंद केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तो गोळ्यांची पट्टी घेऊन आपाच्या खोलीत गेला, अंधारात तिच्या पायाशी बसला, विनवण्या केल्या, चादरींची आठवण दिली, अब्बांची दिली. डॉक्टरने काय सांगितलंय ते सांगितलं, की या गोळ्या अशा एकदम सोडल्या तर पुढची आकडी थांबणार नाही, तीच शेवटची ठरेल.

"डॉक्टर मला बरी होशील असं कधी म्हणालाच नाही रे," आपा म्हणाली. "हा म्हणाला. दुसरा कपडा ने, भोपळ्या. या वेळी धुऊ नकोस."

पिशवी त्याच्याच हातात दिली गेली, कारण अम्मी आता आपाला एकटी सोडायला तयार नव्हती, आणि हजरतांनीच सांगितलं होतं म्हणे, की ज्या हाताने बिघडवलं त्याच हाताने आणू दे. तो गोदामापर्यंत गेला. जिन्याखाली उभा राहिला. वरून त्या मायाळू बाईचा आवाज येत होता, कुणाला तरी घरचं विचारणारा. तो वळला आणि लाँड्रीत आला. जेवणाची सुट्टी होती, टेबलाशी कुणी नव्हतं. त्याने पिशवी उघडली, कुर्ता काढला आणि नाकाशी धरला. हे काम आजवर खरं म्हणजे कुणी केलंच नव्हतं. आंबट घाम, डोक्याचं तेल, लाळ, लोखंडासारखा रक्ताचा एक बारीक वास, आणि सगळ्याच्या खाली ती, लहानपणी चादर ओढताना जवळ यायची तेव्हाची. कबर नव्हती. एका बाईला कित्येक दिवस अंघोळ करू दिली नव्हती, एवढंच त्या कापडात होतं. तो तिथेच स्टुलावर बसून रडला. मग त्याने नळ सोडला, थंड, आणि कुर्ता पाण्यात घातला.

घरी परतताना त्याने काहीही ठरवलं नव्हतं, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. दोघी वाट बघत होत्या. अम्मीने विचारलं, काय म्हणाले? आणि त्याचं तोंड उघडलं आणि शब्द आपोआप आले. हजरतांनी कपडा घेतला. बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, गेला. आता पडदे उघडा, अंघोळ घाला, नमाज सुरू करा. आणि गोळ्या परत सुरू करा, रोज, एकही न चुकवता. तो गेला त्याची जखम राहिलीय, ती गोळ्यांनी भरेल. आता पिशवी घेऊन मी एकट्यानेच यायचं, घरच्या कुणी यायचं नाही. हे शेवटचं तर त्याला फार छान सुचलं. सांगताना आपला आवाज खाली गेलाय, आपण सावकाश बोलतोय, मधे मधे थांबतोय, हे त्याच्या लक्षात आलं. थांबलं की त्या दोघींचे चेहरे पुढे येत होते.

"वास कसला आला म्हणाले?" आपाने विचारलं.

त्याला हे सुचलेलं नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, "ओल्या खडूचा."

आपाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांतून हुंदका आला. अम्मीने त्याच्या हाताचा मुका घेतला, तोच हात, आणि त्याला तो मागे ओढून घ्यावासा वाटला. किती सोपं होतं! ज्याला ऐकायचंय त्याला फक्त त्याचीच वस्तू परत द्यायची. गोदामावरचा तो माणूस आपल्याहून फार वेगळा असेल असं त्याला वाटलं होतं. मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला. तांब्यामागून तांब्या, थांबेचना. आपा अंघोळ करत होती, आणि तो भिंतीला पाठ लावून ऐकत होता. त्याला आनंद झाला होता, आणि अब्बांची आठवण येऊ नये म्हणून तो मनातल्या मनात नद्यांची नावं घेत होता.

आकड्या आटोक्यात आल्या. आटोक्यातच, पण आता त्याला बरं होणं म्हणायचे. दर आठवड्याला अम्मी पिशवी द्यायची, दर आठवड्याला तो ती लाँड्रीत नेऊन धुवायचा, संध्याकाळी हजरतांचा निरोप आणायचा. कधी हजरत म्हणायचे की जागरण नको, कधी म्हणायचे की डॉक्टरला दाखवून या. हळूहळू त्याचे हजरत फार शहाणे झाले. अब्बांसारखे बोलायला लागले. आपा परत फळा मागवायच्या गोष्टी करू लागली. खरं सांगावं असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज त्याच वेळी आपा पेला आणि गोळी घेऊन त्याच्यासमोर येऊन बसायची. त्याच्या देखत घ्यायची, हजरतांच्या माणसाच्या देखत.

तशीच ती बसलेली असताना शेजारची म्हातारी दारात आली. हातात पिशवी. तिने ती उघडून दाखवली, आत एक छोटा फ्रॉक होता, गळ्याशी मळलेला. नातीला ताप होता, उतरत नव्हता, मान ताठ धरत होती. अम्मीने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण म्हातारी म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे बाबा, तूच ने. डॉक्टरचं औषध तिने सकाळपासून थांबवलं होतं. आपाचंही आधी थांबवायला सांगितलं होतं ना?

तो उभा राहिला. म्हणाला, औषध थांबवू नका, पोरीला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या.

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "हे तू म्हणतोस, का हजरत म्हणतात?"

अम्मी बघत होती. आपाने गोळी जिभेवर ठेवायला हात उचलला होता, तो तसाच तोंडाशी थांबला होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, वर्गात एखादं पोर फळ्याकडे बघतं तशी. कुर्ता धुतला होता, हे एक वाक्य अजून त्याच्या तोंडात होतं. ते बाहेर पडलं की गोळी खाली ठेवली जाणार होती. आणि म्हातारी पिशवी घेऊन सरळ गोदामाच्या जिन्याकडे जाणार होती.

"हजरत म्हणतात," तो म्हणाला.

म्हातारीचा चेहरा अजून मोकळा झाला नव्हता. अजून कशाची तरी ती वाट बघत होती. त्याने पुढे होऊन फ्रॉकची पिशवी घेतली, डोळे मिटले, आणि खालच्या आवाजात पोरीच्या आईचं नाव विचारलं.

म्हातारीने सुटकेचा श्वास टाकून नाव सांगितलं आणि ती पोरीला उचलून दवाखान्यात न्यायला लगबगीने निघाली. आपाने गोळी गिळली आणि वर पाणी प्यायली.